तपकिरी रंगाचं पान

"मॅडम, मी काही चुकीचं केलंय का, ते आधी सांगा." पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाड पुस्तक काढून समुपदेशनासाठी आलेल्या त्या बाईंनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि रिकामी पिशवी पुन्हा मांडीवर घट्ट धरून बसल्या.

वय ४६. पतसंस्थेत काउंटरवर नोकरी, लग्नाला १९ वर्षं, मुलगी अकरावीत. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) पुस्तक मुलीचं होतं. तिच्या उशीखाली सापडलं, म्हणून 'काय वाचतेय बघू तरी' म्हणत यांनी ते उघडलं. अख्खी इंग्रजी कादंबरी त्यांनी त्याआधी कधी वाचली नव्हती. पहिले दोन दिवस पानाला चार-पाच शब्द मोबाइलवर बघावे लागले. मग शब्द अडला तरी थांबवेना. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. बाराव्या दिवशी पहाटे तीनला पुस्तक संपलं, तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून त्या रडल्या.

"या वयात असं व्हावं? ह्यांच्याशी प्रतारणाच झाली ना ही? आणि माझी ही गत, तर त्या पोरीचं काय होत असेल?"

हा प्रश्न माझ्याकडे नवा नाही. मुलांच्या वाचनाची काळजी आया मोठ्याने बोलतात. स्वतःच्या वाचनाची लाज मात्र अगदी शेवटच्या पाच मिनिटांत, खालच्या आवाजात बाहेर येते. यांनी दोन्ही एका दमात सांगितलं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

कादंबरी होती स्टेफनी मायर यांची 'ट्वायलाइट'. २००५ साली आलेली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स नावाचं सतत पावसाचं गाव, तिथे वडिलांकडे राहायला आलेली १७ वर्षांची बेला आणि तिच्या शाळेतला एडवर्ड. तो दिसतो १७ वर्षांचा, पण १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला, म्हणजे रक्तावर जगणारा. मी त्यांना सांगितलं की हे लिहिणारी बाई तेव्हा तीन लहान मुलगे सांभाळत घरी होती. २००३च्या जूनमध्ये तिला एक स्वप्न पडलं आणि त्यावरून तिने लिहायला घेतलं. त्या एकदम पुढे सरकल्या. "म्हणजे तीही आईच?"

प्रतारणेबद्दल मी सरळ 'नाही' म्हटलं. कादंबरी वाचून जीव गलबलला म्हणून कुणाचा विश्वासघात होत नाही. पण एवढं सांगून त्यांना घरी पाठवणं मला बरोबर वाटेना. रडू आलं होतं, तर ते नेमकं कुठल्या पानावर, हे बघायला हवं होतं.

पुस्तकात एकाच पानाचा कोपरा दुमडलेला होता आणि त्यावर हळदीचं बोट उमटलं होतं. मला वाटलं, चुंबनाचा प्रसंग असेल. नव्हता. एडवर्ड दिवसभर बेलाला प्रश्न विचारत राहतो, ते पान होतं. आवडता रंग कोणता, पुस्तकं कोणती, असेच साधे प्रश्न. ती म्हणते, आज तपकिरी. कारण तपकिरी रंगात ऊब असते, आणि या हिरव्यागार गावात तोच दिसत नाही.

मी विचारलं, "तुमचा आवडता रंग?"

"मुलीला जांभळा आवडतो. ह्यांना पांढराच लागतो…" एवढं बोलून त्या थांबल्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत कितीतरी वेळ बसून राहिल्या. "मला आठवतच नाही हो," म्हणाल्या, आणि मग रडल्या. या वेळी नळ नव्हता.

व्हॅम्पायरची भूल पडली होती असं मला वाटत नाही. आपल्याला कुणीतरी विचारावं आणि उत्तर ऐकायला थांबावं, ही भूक होती. त्या भुकेची लाज कसली?

मी त्यांना एकच काम दिलं. रात्री जेवणं झाली की नवऱ्याला रोज एक प्रश्न विचारायचा, आणि तोच प्रश्न स्वतःलाही. पैसे, मुलगी आणि सासर हे तीन विषय वगळून. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "तुला बरं नाही का?" चौथ्या दिवशी आवडता वास विचारला, तर म्हणाले, डिझेलचा. वडील एसटीत ड्रायव्हर होते. ते रात्री घरी आले की शर्टाला तो वास असायचा, आणि मगच झोप लागायची. १९ वर्षांत हे त्यांना माहीत नव्हतं. सगळं गोड झालं असं नाही, मधे आठवडाभर अबोलाही झाला. पण त्यानंतर एकदा नवऱ्यानेच आपणहून म्हटलं, "आज माझा प्रश्न."

राहिली मुलगी. पुस्तक काढून घेऊ का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. झोप, जेवण, अभ्यास, मैत्रिणी ठीक असतील तर पुस्तकाला हात लावू नये. माझे कान टवकारतात ते मुलगी प्रेमाच्या नावाखाली पाळत आणि धाक सोसू लागली तर. आणि त्याबद्दल बोलायला हेच पुस्तक उपयोगी पडतं. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो, तिला पत्ता नसताना. मला तो प्रसंग आजही खटकतो.

बोलणं काढायची गरजच पडली नाही. मुलीला हळदीचं बोट दिसलं. "आई, तू वाचलंस हे?"

खोलीत शिरण्यावरून दोघींचं चांगलंच वाजलं. मुलगी म्हणाली, "तो काही करतो का तिला?" या म्हणाल्या, "दिवसा आवडता रंग विचारतो ना? मग आत येऊ का, हेही विचारायचं." मुलगी फणकारून आत गेली. दोन दिवसांनी दुसरा भाग आणून तिने आईपुढे ठेवला.

त्या भागात एडवर्ड बेलाला सोडून जातो. त्यानंतरच्या पानांवर फक्त महिन्यांची नावं आहेत. ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. बाकी पानं कोरी. मुलीला वाटलं, छपाईच चुकलीय.

"चुकलेली नाही," त्या म्हणाल्या. "मीही असे महिने काढलेत. तू तीन वर्षांची होतीस."

मुलीने पुस्तक मिटलं. "कधी? काय झालं होतं तुला?"

त्या रात्री दोघी साडेबारापर्यंत ओट्यापाशी बसून होत्या, असं त्यांनी मला शेवटच्या भेटीत सांगितलं. तिला काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.