दहावीनंतर सीबीएसई घ्यावं का? औसा तालुक्यातल्या एका मुलीची गोष्ट

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या माझ्या मार्गदर्शन केंद्रात दर दोन-तीन दिवसांनी हा प्रश्न येतो : "मॅडम, सायन्सला जायचं तर बोर्ड बदलावं का?" म्हणजे राज्य मंडळ सोडून सीबीएसई हे केंद्रीय बोर्ड घ्यावं का?

अशीच एक मुलगी आई-वडिलांबरोबर आली होती. औसा तालुक्यातलं गाव, घरी सोयाबीनची शेती, राज्य मंडळाची सेमी इंग्रजीतून दहावी, ९१ टक्के. डॉक्टर व्हायचं पक्कं. वडील म्हणाले, "हिचा मामा म्हणतोय, नीट सगळी एनसीईआरटीवर असती. स्टेट बोर्डात लेकरू मागं पडंल, राजस्थानात कोटा शहरात सीबीएसईच्या शाळेत घाला. पैशाचं बघू कसंतरी, पण चुकायला नको."

मामाचं अर्धं खरं आहे. एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालणारी पुस्तकं सोडून नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास होत नाही. पण ती पुस्तकं लातुरात कुठल्याही दुकानात मिळतात, त्यासाठी शाळा बदलावी लागत नाही. नीटची गुणवत्ता यादी ७२० गुणांवर लागते. बारावीचे गुण लागतात ते पात्रतेपुरते : भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीवला ४०.

मी कपाटातून अकरावीचं एनसीईआरटीचं जीवशास्त्र काढलं, पेशीचा धडा उघडला आणि तिला म्हटलं, "वाच, आणि मला मराठीत सांग." मायटोकॉन्ड्रिया, रायबोसोम, मेम्ब्रेन, कुठंच अडली नाही. अडली ती 'व्हेअरॲज'पाशी. मग 'रिस्पेक्टिव्हली'पाशी. ओळीवर बोट ठेवून तेच वाक्य तिनं तीनदा वाचलं. आई पदराचं टोक चाळवत बसली होती. शेवटी पोरगी हळूच म्हणाली, "सायन्सचे शब्द येतेत मॅडम, वाक्य काय म्हणतंय ते कळंना."

खरी अडचण इथं होती, आणि ती बोर्ड बदलून सुटणारी नव्हती. सीबीएसईच्या वर्गात भोवतालची बरीच मुलं पहिलीपासून इंग्रजीत शिकलेली असतात. तिथं जाऊन दिवाळीपर्यंत बोलायचीच थांबलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, म्हणून मला याची धास्ती वाटते. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो. पण आपल्याकडे अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीतच शिकवतात, त्यामुळे ती वाट तिला फार पुढे नेणार नव्हती.

मग कोटा शहरात जाण्याचं. वडिलांना हे कुणीच सांगितलं नव्हतं : महाराष्ट्रातल्या मुलांसाठीच्या ८५ टक्के जागांतून एमबीबीएसला जायचं तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून लागते. बोर्ड कुठलंही चालतं, पण बारावी राजस्थानातून झाली तर हक्काची जागा हातची जाऊ शकते. वडील जरा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "हे तर मामालाबी म्हाईत नसंल."

दुसरी वाट उघडी ठेवणंही मला गरजेचं वाटतं. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर असते, अकरावीचा सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के, शिवाय चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फार्मसी, बीएस्सी ॲग्रीची दारं तिथून उघडतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं नाव निघाल्यावर वडील पहिल्यांदा हसले.

सीबीएसईला माझा सरसकट विरोध नाही. आई-वडिलांची परराज्यात बदलीची नोकरी असेल, किंवा मूल आधीपासून त्याच बोर्डात रमलेलं असेल, तर तेच बरं. पण बदल करायचाच तर अकरावीच्या सुरुवातीला. सीबीएसई अकरावी-बारावी हा दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम मानते, थेट बारावीत प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या ठरावीक कारणांवरच मिळतो. अकरावी करून बघू, नाही जमलं तर फिरू, असं धरून चालू नका.

तिनं लातुरातच राज्य मंडळाचं कॉलेज घेतलं. मी एकच काम दिलं : एनसीईआरटीचं रोज एक पान, आणि अडलेले साधे इंग्रजी शब्द वेगळ्या वहीत.

दिवाळीच्या सुट्टीत ती वही घेऊन आली. निम्मी भरली होती. 'व्हेअरॲज'पुढे लिहिलं होतं, 'याउलट'. फिजिक्सची गणितं अजून सुटत नाहीत म्हणाली. त्यावर आम्ही तासभर बसलो.