डिमेन्शियाचं निदान आणि विम्याची फाइल : तुमचे प्रश्न

प्रश्न : आईला डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालंय. कंपनीला कळलं तर तिच्या जुन्या पॉलिसी रद्द होतील का?

निदानानंतर प्रत्येक घरातून पहिला फोन याच भीतीपोटी येतो. अर्ज भरताना दिलेली माहिती खरी असेल आणि हप्ते चालू असतील, तर नंतर जडलेल्या आजारामुळे आयुर्विमा रद्द होत नाही. खरा धोका हप्ता चुकण्याचा आहे, आणि तो निदानाच्या बराच आधी सुरू होतो. एका मुलीनं माझ्या सांगण्यावरून वडिलांच्या टेबलाचा खण उपसला. एका पॉलिसीच्या हप्त्याच्या चार नोटिसा निघाल्या, एकही पाकीट फोडलेलं नव्हतं. त्यांच्याखालीच दुसऱ्या पॉलिसीचा एकच हप्ता दोनदा भरल्याच्या पावत्या होत्या. पैसे होते, भरायची इच्छाही होती.

म्हणून आधी आईजवळ बसून सगळी कागदपत्रं काढा. हप्ता खात्यातून परस्पर वळता होईल अशी सोय करा आणि दुसरा संपर्क म्हणून तुमचा नंबर नोंदवता येतो का ते कंपनीला विचारा. एखाद्या पॉलिसीचा हप्ता चुकलाच असेल, तर तारखेनंतर मिळणारी सवलतीची मुदत उलटायच्या आत तो भरा. त्यानंतर बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करायला बहुतेकदा तब्येतीची नव्यानं माहिती मागतात, आणि गाडं तिथेच अडतं.

प्रश्न : वडिलांना नॉमिनी बदलायचाय, पण आता त्यांची सही चालेल का?

निदान झालं म्हणजे सहीचा हक्क गेला, असं नाही. त्या दिवशी, तो विशिष्ट निर्णय त्यांना समजतोय का, हे महत्त्वाचं. ते ताजेतवाने असतील ती वेळ निवडा आणि समज शाबूत असल्याचं डॉक्टरांचं पत्र त्याच सुमारास घ्या. हात धरून सही करवू नका. पुढे दाव्याच्या वेळी ती सही वादात सापडते.

मुखत्यारपत्राचा विचारही आत्ताच करा. साधं मुखत्यारपत्र अनेक देशांत, करून देणाऱ्याची समज गेली की संपतं. समज गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र काही ठिकाणी मिळतं; नसेल तर न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. तुमच्याकडे यातलं काय लागू आहे, ते वकिलाकडून याच आठवड्यात समजून घ्या. ही वेळ पुन्हा येत नाही, म्हणून घाई करायला सांगतेय.

प्रश्न : गंभीर आजाराच्या पॉलिसीत अल्झायमर (डिमेन्शियाचा एक प्रकार) आहे, तरी पतीचा दावा नाकारला. असं कसं?

यादीतलं नाव पाहू नका, त्यापुढची व्याख्या वाचा. बहुतेक पॉलिसींत तज्ज्ञाचं निदान, कायमची हानी आणि सतत देखरेखीची गरज, हे तिन्ही लागतं. काहींत वयाची अटही असते. पतीचा आजार अजून सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर नकार कायमचा नसतो. नकाराचं कारण लेखी मागवा. आजार वाढला की स्मृतिचाचण्यांचे नवे अहवाल जोडून पुन्हा दावा करा. तोवर रोजची वही ठेवा : आंघोळीला मदत लागली का, औषध कोणी दिलं, गॅस चालू राहिला का. देखरेखीची गरज दाखवायला तारखा घातलेल्या अशा नोंदी फार उपयोगी पडतात.

प्रश्न : नवी आरोग्य पॉलिसी घेताना निदान सांगितलं नाही तर?

सांगाच. लपवलेलं निदान जुन्या केसपेपरांतून बाहेर येतं, तेही नेमकं दाव्याच्या वेळी. गाडीच्या विम्याबाबतही हेच. निदान झालेली व्यक्ती अजून गाडी चालवत असेल, तर डॉक्टरांचं मत घ्या आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला व विमा कंपनीला काय कळवणं बंधनकारक आहे ते विचारा.