बाबांच्या हातातली कात्री काढून घेऊ नका

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात चार काळज्या आहेत. विम्याचं जाणकार एजंटाशी बोला. बर्फ पडलेला असताना बाबांना एकटं फिरायला सोडू नका. मुलाच्या मराठीचं ओघात येईलच. मला बोलायचंय ते तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंत त्याबद्दल.

"सासरे ७४ वर्षांचे, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त. इथे न्यू जर्सीत आल्यापासून पेपरातली कार्टून्स माझ्या शिवणाच्या कात्रीने कापतात, वहीत चिकटवतात आणि एकटेच हसतात. पाहुण्यांसमोर ओशाळल्यासारखं होतं. हे म्हातारचळ तर नव्हे?"

अहो, ओशाळायचं काय त्यात? वाट चुकायला लागले, घरच्यांची नावं विसरायला लागले, तर डॉक्टरांकडे जरूर न्या. पण हसणं हा काही आजार नाही. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स निघाली तेव्हा बाबा बारा-तेरा वर्षांचे असणार. त्या पिढीतल्या किती मुलांनी त्यातल्या वेताळाचा, म्हणजे फँटमचा, एकेक अंक आळीभर फिरवून वाचलाय! तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंत का, की तुमच्या आळीत अंक कोणाकडे यायचा?

माझे वडील पुण्याचे. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू सुरू झाला. निवृत्तीनंतर वडील तो कापून जुन्या हिशेबाच्या वहीत चिकटवायचे. आई मैद्याची खळ करून द्यायची. कडा फुगू नयेत म्हणून वहीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचे. ते गेल्यावर घर रिकामं करायला मी गेले. परतीचं विमान दोन दिवसांवर आलेलं. रद्दीवाला दारात सुतळी बांधत होता, तेव्हा वही सहज उघडली. चिंटूशेजारी पेन्सिलीने तारीख, आणि खाली बारीक अक्षरात, "आमचा दादा अस्साच. चिंचा पाडायला मला झाडावर चढवायचा आणि मार मीच खायचो." तरीही मी ती वही गठ्ठ्यात ठेवली. बॅगेत जागा नव्हती, असं तेव्हा वाटलं. माझा काका असा होता, हे मला त्या एका ओळीतून कळलं, आणि बाकीची पानं मी वाचलीच नाहीत.

म्हणून सांगते, रागावू नका. रविवारी रंगीत पुरवणी आली की टेबलावर पसरा आणि नातवाला आजोबांशेजारी बसवा. त्यातल्या 'डेनिस द मेनेस' या कार्टूनमधल्या खोडकर डेनिसने आज काय उद्योग केला ते आजोबा मराठीत सांगतील. मग चिंटूचं पुस्तक काढा. चिंटूचं वाक्य नातवाने वाचायचं, त्याच्या मित्राचं, पप्पूचं, आजोबांनी. तीन-चार चौकटी, प्रत्येकीत एखाद-दुसरं वाक्य. मराठीच्या रविवारच्या वर्गाला कंटाळणारं पोरही एवढं वाचतं. माझा मुलगा असाच वाचायला शिकला. आणि मध्येच विचारा, "बाबा, तुम्ही असं कधी केलं होतंत?" ते बोलू लागले की स्वयंपाकघरात निघून जाऊ नका. पोळ्या थोड्या उशिरा झाल्या तरी चालतील.

पाहुणे आले म्हणून वही आतल्या खोलीत हलवू नका. वहीजवळ एक पेन्सिल ठेवा. आणि तुमची शिवणाची कात्री कागदाने बोथट होते, हा तुमचा राग अगदी रास्त आहे. बाबांना त्यांची स्वतःची कात्री आणून द्या.