शिक्षणातलं संशोधन वर्गापर्यंत पोहोचल्याचं एखादं खरं उदाहरण आहे का?

तुम्ही एम.एड. करताय आणि विचारलंय, की संशोधक, शासन आणि शिक्षक एकत्र आले आणि वर्गात खरंच फरक पडला, असं कुठे झालंय का? झालंय, आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईत आहे. मी आधी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होतो, पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर ('केंद्रावर') देखरेख ठेवणारा अधिकारी झालो. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

'प्रथम' ही संस्था मुंबईत 1990च्या दशकात महापालिका शाळांमधल्या मुलांसाठी उभी राहिली. तिचा 'बालसखी' नावाचा उपक्रम होता. तिसरी-चौथीतली मागे पडलेली 15-20 मुलं वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोन तास वेगळी बसवून शिकवायची. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 दरम्यान तो तपासला. मुलं पुढे गेली.

बहुतेक लोक इथेच थांबतात. मला महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. हीच पद्धत सरकारी शिक्षकांकडे सोपवली, तेव्हा बिहारमध्ये नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलेल्या शाळांत फारसं काही हललं नाही. 'शिक्षकच काम करत नाहीत' म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण त्याच राज्यातल्या सरकारी शिक्षकांनी 2008च्या उन्हाळी वर्गांत फक्त वाचन आणि गणित घेतलं, तेव्हा मुलं शिकली होती. म्हणजे शिक्षकाला येत होतं. शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम संपवायचा धाक त्याच्या मानेवर बसायचा, एवढंच.

हे वाचलं तेव्हा मला माझ्याच शाळाभेटी आठवल्या. वर्गात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न असायचा, 'कितवा धडा चालू आहे?' किती मुलांना वाचता येतं, हे मी कितीतरी वर्षं विचारलं नाही. कारण मलाही वरून कुणी ते विचारत नव्हतं.

2012-13मध्ये हरियाणात हीच अडचण धरून आखणी केली गेली. वाचनासाठी रोजचा एक तास वेगळा काढला आणि त्या तासाला मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवली. आपल्या केंद्रप्रमुखांसारखं काम करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आधी स्वतः 15-20 दिवस मुलांना शिकवलं आणि मगच ते शिक्षकांना मार्गदर्शन करायला गेले. मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. स्वतः खडू हातात धरलेला माणूस भेटीला आला, की शिक्षक त्याच्याशी मोकळेपणाने बोलतो, हे मी पाहिलंय.

यातली भागीदारी मला दिसते ती अशी: जे जमलं नाही तेही संशोधकांनी लिहिलं, खात्याने वेळापत्रकाला हात लावला आणि अपयश आलं म्हणून संस्था निघून गेली नाही.

तुमच्या प्रबंधासाठी एक सुचवतो. जिल्हाभर प्रश्नावल्या वाटण्यापेक्षा एकच केंद्र घ्या. विषय ठरवण्याआधी तिथल्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत बसा आणि शिक्षकांना कशाचं उत्तर हवंय ते ऐका. आमच्याकडे प्रश्नावल्या घेऊन पुष्कळ जण आले, निष्कर्ष सांगायला एकही परत आला नाही. तुम्ही परत या. परिषदेत अर्धा तास मागून घ्या, केंद्रप्रमुख नाही म्हणणार नाहीत.