चौथा महिना लागलाय, शिंका थांबत नाहीत. ॲलर्जीची गोळी घेतली तर चालेल का?

ताई, तुम्ही लिहिता की आधी सेटिरिझिन घेऊन बरं वाटायचं, आता सासूबाई म्हणतात एकही गोळी पोटात जाऊ द्यायची नाही, आणि मेडिकलवाला म्हणतो, "ही सर्दीची घेऊन टाका, काही होत नाही." मी स्वतः फार्मासिस्ट आहे, नागपुरात सक्करदऱ्याला आमचं औषधांचं दुकान आहे. म्हणून आधी मेडिकलवाल्याचंच बोलते.

त्यानं दिलेल्या पट्टीची मागची बाजू वाचा. अक्षर बारीक असतं, मोबाइलवर फोटो काढून मोठं करा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असतात. हे फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं. पहिल्या तीन महिन्यांत आणि बीपी वाढलेलं असेल तर ते टाळायचं असतं. शिवाय गोळीतून घेतलेलं फिनाइलएफ्रिन चोंदलेल्या नाकावर चालतच नाही, असं अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२३ साली एकमतानं सांगितलं. फायदा नाही तर जोखीम कशाला घ्यायची? पट्टीवर बेटामेथासोन दिसलं तर ती परत करा. ते स्टेरॉइड आहे. "मागच्या वेळी एका गोळीत मोकळं वाटलं होतं" म्हणत लोक तीच मागायला येतात, पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नका.

आता सासूबाईंचं. त्यांची काळजी खरी आहे, पण नुसती सेटिरिझिन किंवा लोराटाडिन ही गरोदरपणात बराच अभ्यास झालेली औषधं आहेत, आणि त्यांनी बाळात व्यंग येण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा, बहुतेक त्याच लिहून देतील. फक्त गोळी एकाच औषधाची हवी. सेटिरिझिननं झोप येते, म्हणून रात्री घेतलेली बरी. आणि काढा देणार असतील तर त्यात ज्येष्ठमध किती घालतात ते विचारा. या दिवसांत ते जास्त पोटात जाऊ नये. औषध म्हटलं की भीती आणि काढा म्हटला की बिनधास्त, हे मला कधी समजलं नाही.

रात्री नाक चोंदत असेल तर ते कदाचित ॲलर्जीचं नसेलही. गरोदरपणात नाकाच्या आतलं अस्तर सुजतं, तेव्हा शिंका-खाज नसतानाही नाक बंद राहतं, आणि बाळंतपणानंतर एक-दोन आठवड्यांत आपोआप मोकळं होतं. त्यासाठी मिठाच्या पाण्यानं नाक धुवा (पाणी उकळून थंड केलेलंच घ्या) आणि उशी जरा उंच ठेवा. नाक मोकळं करणारे ड्रॉप्स रोज घालू नका, चार-पाच दिवसांत नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं. डॉक्टरांनी ब्युडेसोनाइडचा (नाकात मारायचं स्टेरॉइड) स्प्रे दिला तर मान किंचित पुढे झुकवा आणि नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे धरा. सरळ पडद्यावर मारला तर रक्त येतं. गुण यायला काही दिवस लागतात. दोनदा मारून "काही फरक नाही" म्हणत परत आणणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

दमा असेल आणि पंप चालू असेल तर तो मनानं बंद करू नका. हे मी हात जोडून सांगते. पंपातल्या औषधापेक्षा आटोक्यात नसलेला दमा बाळाला जास्त त्रास देतो: आईचं बीपी वाढतं, बाळ लवकर येतं, वजन कमी भरतं.

आपल्याकडे होळी झाली की वर्षभर झाकून ठेवलेला कूलर निघतो. जुन्या गवतात धूळ आणि बुरशी असते, आणि पंखा लावला की सगळी थेट तोंडावर. यंदा ते गवत दुसऱ्या कुणाला तरी बदलू द्या, टाकी घासून घ्या, आणि पहिल्या दिवशी कूलर चालवून खोली मोकळी होईपर्यंत तुम्ही बाहेर बसा. अंगणात गाजरगवत असेल तर तेही दुसऱ्यानंच उपटावं.

ओठ-जीभ सुजली, श्वासात शिट्टी वाजू लागली किंवा चक्कर आली तर गोळी शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. आणि शेवटच्या महिन्यांत अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपाय रात्री खाजू लागले तर ती ॲलर्जी समजून मलम लावू नका. ते यकृताचं दुखणं असू शकतं, रक्त तपासून कळतं. खासगीत परवडत नसेल तर डागा या सरकारी स्त्री रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा, पण त्याच आठवड्यात दाखवा.