पुण्यात एक्स्चेंजवर आलेल्या परदेशी मुलांना तीन दिवसांत कोकण आणि सह्याद्री कसा दाखवावा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कॉलेजात १६ मुलं एका सत्रासाठी आली आहेत, डिसेंबरात तीन दिवस मोकळे आहेत, आणि लोकांनी सुचवलेली अलिबाग, मुरुड, महाबळेश्वर, लोणावळा ही ठिकाणं काही केल्या एका सहलीत बसत नाहीत. ती बसवूच नका. मी पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते आणि गेली काही वर्षं त्यांच्या सहलींना सोबत जाते. माझा सल्ला असा: ताम्हिणी घाटाने खाली उतरा, दिवेआगरला दोन रात्री राहा, तिसऱ्या दिवशी रायगड करून वर या. बस्स.

यामागचं कारण मला एका डच मुलाने दिलं. आम्ही चांदणी चौकातून निघून मुळशीचं पाणी मागे टाकलं, तरी तो विचारत होता, "डोंगर कधी सुरू होणार?" त्याच्या डोक्यात होतं की आधी चढ लागेल, मग शिखर, मग उतार. पुणंच मुळात समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. ताम्हिणीत पोचल्यावर एका वळणावर गाडी थांबवली आणि पुढे जमीनच नव्हती, नुसती दरी. आपण सहज "खाली कोकणात जातो" म्हणतो, त्यातलं "खाली" त्याला त्या वळणावर कळलं. म्हणून समुद्र एक दिवस आणि डोंगर एक दिवस असे तुकडे करू नका. दोन्हींच्या मधली ही उडी त्यांना दिसली पाहिजे.

त्याच वळणावर समोरच्या कड्यातले आडवे थर दाखवा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याचे ते थर. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात हे मी सांगत होते, तेवढ्यात गटातली स्वीडिश मुलगी म्हणाली, "ट्रॅप म्हणजे आमच्याकडे जिना." खरंच तो शब्द स्वीडिशमधूनच आला आहे. मुळशीला चहाला थांबाल तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध झालेल्या सत्याग्रहाबद्दल सांगा. त्या धरणाचं पाणी कड्यावरून मोठ्या नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं आणि तिथे वीज तयार होते. म्हणजे ज्या उताराने तुमची बस जाते, त्याच उतारावर ती वीज उभी आहे.

आता राहण्याबद्दल, कारण इथे मी स्वतः पोळले आहे. घरगुती मुक्काम हवाच. माजघरात बसून जेवणं, पहाटे नारळी-पोफळीच्या वाडीत पाटाचं पाणी सुटताना बघणं हे हॉटेलात मिळत नाही. पण परदेशी पाहुणा उतरला की मालकाला चोवीस तासांत त्याची माहिती "फॉर्म सी"वर ऑनलाइन भरावी लागते आणि त्यासाठी आधी नोंदणी लागते. पुष्कळ लहान घरांकडे ती नसते. पहिल्या वर्षी आमचं आरक्षण होतं, आगाऊ पैसे भरले होते. रात्री नऊला पासपोर्ट पाहून मालकांनी हात जोडले. चूक त्यांची नव्हती, मी विचारलंच नव्हतं. चौदा दमलेली मुलं घेऊन आम्ही दीड तास गावात फिरलो. तेव्हा फोनवर पहिला प्रश्न "फॉर्म सी भरता का?" हाच विचारा आणि प्रत्येकाच्या पासपोर्ट-व्हिसाच्या दोन-दोन प्रती जवळ ठेवा. आणखी एक: युरोप-अमेरिकेतली डोंगर हिंडणारी मुलं उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र बाळगतात. आपल्याकडे ते परवानगीशिवाय चालत नाही. निघण्याआधी विचारून घ्या.

जेवणात मासे, सोलकढी, उकडीचे मोदक यांची काळजी नाही, सगळे आवडीने खातात. काळजी शेंगदाण्याची. कुणाला ॲलर्जी असेल तर "शेंगदाणे नकोत" एवढं सांगून भागत नाही. दाण्याचं कूट कोशिंबिरीतही असतं, आणि स्वयंपाक करणाऱ्या काकूंना ते शेंगदाणे घातल्यासारखं वाटतच नाही. "कूट नको, दाण्याचं तेलही नको" असं त्यांच्यापाशी उभं राहून सांगा.

समुद्राबद्दल मात्र कडक राहा. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. ती बातमी ऐकलेली संध्याकाळ मी विसरलेले नाही. परदेशी मुलं "मला उत्तम पोहता येतं" म्हणतात आणि ते खरंही असतं, पण तलावात. आमचा नियम असा आहे: गुडघ्याच्या वर पाणी नाही, आणि ओहोटी लागली की तेवढंही नाही. भरती-ओहोटीसाठी कोकणातला जुना हिशेब मुलांना शिकवा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी पूर्ण. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भर दुपारी पाणी वर. मिनिटांचा फरक पडतो, म्हणून गावातल्या कोळ्यांना विचारायचंच. पण चंद्र, पंचांग आणि समोरचं पाणी यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे वाळूवर काडीने मांडून दाखवलं तेव्हा भौतिकशास्त्राच्या दोन मुली तासभर हलल्या नाहीत.

हरिहरेश्वरला हा हिशेब लागतोच. तिथली प्रदक्षिणा डोंगराच्या घळीतून पायऱ्या उतरून थेट खडकांवर येते, लाटांनी पोखरलेल्या, जाळीसारख्या दिसणाऱ्या दगडांशेजारून जाते. भरतीला ती वाट पाण्याखाली असते. म्हणून दुसऱ्या दिवसाचा सगळा क्रम ओहोटीवर ठरवा. दिवेआगरहून शेखाडी, कोंडिवली, आरावीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराचसा समुद्राला चिकटून आहे. घाई करू नका. श्रीवर्धनला थांबा, कारण पेशवे बाळाजी विश्वनाथ भट मूळचे इथले. शनिवारवाडा मुलांनी पाहिलेला असतोच. तो बांधणाऱ्या बाजीरावाचे वडील या खालच्या गावातून घाट चढून वर गेले, हे तिथे उभं राहून सांगितलं की पटतं. सहल फेब्रुवारी-मार्चमध्ये गेली असती तर मी बाणकोटची खाडी ओलांडून वेळासला कासवांची पिल्लं बघायला पाठवलं असतं. डिसेंबरात मादी अंडी घालते, पिल्लं नसतात.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघून रायगडाच्या पायथ्याचं पाचाड गाठा. धडधाकट मुलांना पायऱ्यांनी चढू द्या, बाकीच्यांना रोपवे आहे. परदेशी पर्यटकांचं तिकीट आपल्यापेक्षा कित्येक पट महाग असतं, तेवढं अंदाजपत्रकात धरा. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत रायगड आहे, ते सांगाच. पण त्यांना जास्त भिडतो तो हेन्री ऑक्झिंडेन. १६७४ च्या राज्याभिषेकाला इंग्रजांच्या कंपनीचा हा वकील, म्हणजे दूत, हजर होता, आणि एवढ्या अवघड वाटेने हत्ती वर आणले कसे, याचं त्याला नवल वाटलं होतं. धापा टाकत वर पोचलेल्या परदेशी मुलाला तो लगेच आपला वाटतो.

गडावर पूर्वेकडे तोंड करून दहा मिनिटं शांत बसवा. समोर लिंगाण्याचा सुळका, त्यामागे घाटमाथ्याची अखंड भिंत. परवा जी नुसती कड होती, तिचा हा खालून दिसणारा चेहरा. त्या डच मुलाने इथे काही विचारलं नाही. वहीत एक लांब आडवी रेघ काढली, तिच्या टोकाला सरळ खाली आणखी एक, आणि खाली "पुणे → कोकण" असं देवनागरीत लिहिलं.

परतीला वरंध घाटाने भोरमार्गे आलात तर नीरा-देवघरचं पाणी संध्याकाळच्या उन्हात मिळेल, पण तो रस्ता अधूनमधून मोठ्या गाड्यांना बंद असतो. महाडला चौकशी करा, नाहीतर ताम्हिणीनेच या. गाडी वीस-बावीस आसनांची घ्या, मोठी बस घाटात अडते. दिवस मंगळवार ते गुरुवार ठेवा. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर फोटोसाठी मुलींभोवती घोळका जमतो आणि त्यांना फार अवघडल्यासारखं होतं.

तारखा ठरल्या की तिथीसकट इथेच कळवा. हरिहरेश्वर आधी की श्रीवर्धन, ते त्यावरून सांगते.