तीन हजार नोंदी, आणि टूल कोणतं?

प्रश्न : मी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करते आहे. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणं) लेख-प्रबंधांच्या सुमारे ३,००० नोंदी जमल्या आहेत. स्क्रीनिंग, म्हणजे कुठली नोंद घ्यायची नि कुठली वगळायची ते ठरवणं, एक्सेलमध्ये करू, रय्यान या स्क्रीनिंगच्या टूलमध्ये, की एआयवाल्या टूलमध्ये? पुढे संशोधन संस्थेत नोकरी करायची आहे.

उत्तर : एक्सेल नको. स्क्रीनिंग दोघींनी, तुम्ही आणि एका सहकारी मैत्रिणीने, वेगवेगळं करायचं असतं; एकच शीट भरली की दुसरीचा निर्णय डोळ्यासमोर असतो, स्वतंत्र मत उरत नाही. रय्यानमध्ये त्यासाठी एकीचे निर्णय दुसरीपासून लपवणारा ‘ब्लाइंड’ मोड आहे. कोव्हिडन्स हे तसंच दुसरं टूल जास्त शिस्तीचं, पण वर्गणीचं. विद्यापीठाने ती भरली असेल तरच घ्या. एप्पी-रिव्ह्यूअर या तिसऱ्या टूलची खरी ताकद पुढच्या कोडिंगमध्ये (निवडलेल्या लेखांतली माहिती वर्गवारीने नोंदवण्यात) आहे, निव्वळ स्क्रीनिंगसाठी ते जड पडतं.

डुप्लिकेट मात्र ‘सगळे काढा’ म्हणून एका झटक्यात उडवू नका. आपल्या विषयात प्रबंध आणि त्यावरून निघालेला लेख यांचं शीर्षक पुष्कळदा जवळपास सारखंच असतं. एरिक या शिक्षणविषयक डेटाबेसमध्ये लेखाचा क्रमांक ‘ईजे’ने सुरू होतो, प्रबंध-अहवालांचा ‘ईडी’ने. अभ्यास एकच, पण तपशील प्रबंधात जास्त. दोन्ही ठेवा, एकमेकांना जोडा.

मग दोघींनी त्याच १०० नोंदी तपासा. समजा ३ दोघींनी घेतल्या, ९० दोघींनी सोडल्या, ४ फक्त तुम्ही घेतल्या, ३ फक्त तिने. एकमत ९३ टक्के, ऐकायला छान! पण कप्पा (योगायोगाने जुळलेलं एकमत वजा करून येणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण एकमत) जेमतेम ०.४२ येतो, कारण बहुतेक नोंदी बाद होणारच असतात. अशा वेळी दोष टूलचा नसतो, निकष सैल असतात. ‘हस्तक्षेप’ म्हणजे किमान किती आठवडे, हे लिहिलेलंच नसतं. त्या सात नोंदी समोर ठेवून निकष दुरुस्त करा, नव्या १०० घ्या.

एआयवाल्या टूलपैकी एएसरिव्ह्यू मोफत आहे, स्वतःच्या संगणकावर चालतं आणि तुमच्या निर्णयांवरून शिकत उपयोगी वाटणाऱ्या नोंदी वर आणतं. अडचण शब्दांची. तुम्ही ‘फ्लिप्ड क्लासरूम’ शिकवलंत, तर त्याच पद्धतीला ‘इन्व्हर्टेड’ म्हणणारा लेख तळाला जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीच्या नमुन्यात दोन्ही शब्दांचे लेख द्या आणि कुठे थांबणार ते आधीच प्रोटोकॉलमध्ये (रिव्ह्यूच्या लेखी आराखड्यात) लिहा. प्रिझ्मा २०२० या रिव्ह्यूच्या अहवाल-लेखनाच्या नियमावलीप्रमाणे असं टूल वापरल्याचं अहवालात नोंदवावं लागतं.

नोकरीसाठी रय्यान आणि एएसरिव्ह्यू हाताखालून गेलेली असली की पुरे. मुलाखतीत टूलच्या नावापेक्षा पूर्ण मजकूर वाचून अमुक लेख का वगळला, हे विचारलं जाण्याची शक्यता जास्त. तेव्हा त्या टप्प्यावर प्रत्येक लेखाला वगळण्याचं एकच मुख्य कारण द्या, आणि निर्णयांची सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल) दर आठवड्याला उतरवून ठेवा. वर्गणी संपल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.